यावरून आठवले ते असो

माईंच्या पणजीला तिच्या माघारी सारे 'मुळापासून' म्हणत. दूध उतू गेले का, एवढेच कोणी विचारले तरी ती गाय कोणाकडून विकत घेतली तिथपासून आरंभ करी, आणि गाय गोठ्यात येईपर्यंत दुसऱ्या दिवसाचे दूध तापवायची वेळ होई. आजी तिच्याही पुढची. तिची गोष्ट कधी संपलीच नाही. ऐकणारे उठून जात, आणि पुन्हा भेटले की मधल्या महिन्यांची दखल न घेता ती सुटलेल्या वाक्यापासून पुढे चालू करी. आईच्या काळात घराण्याला थोडी शिस्त लागली. भरकटण्याला तिने जाताना एक दार आणि येताना एक कडी बसवली. मूळ विषय सोडताना ती 'यावरून आठवले' असे स्पष्ट सांगे, आणि परतल्यावर 'असो' म्हणे. हे वळण माईंनी जसेच्या तसे उचलले आणि मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होईपर्यंत पाळले. 'यावरून आठवले' ऐकताच वह्या मिटायच्या आणि 'असो' ऐकताच उघडायच्या, हे पहिल्या बाकावरच्या मुलीपासून शिपायापर्यंत सर्वांना पाठ होते.

माईंच्या डोक्यावर एक कर्ज होते. ते पैशाचे नव्हते, म्हणूनच फेडायला कठीण होते. माई लग्न होऊन आल्या तेव्हा घर दोन खोल्यांचे, जिना अरुंद आणि माणसे जिन्याच्या पायऱ्यांहून अधिक. पहिली मुलगी जेमतेम बसू लागली होती, आणि त्याच सुमारास माईंना शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला जाण्याची संधी आली. घरात कोणी नाही म्हणाले नाही. नाही म्हणण्याचे काम त्या घरात गप्प राहून केले जाई. तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्कांनी, मुलीला उचलून आपल्या कडेवर घेतले. त्यांची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती.

"तू जा," अक्का म्हणाल्या. "पोर माझ्याकडे राहू दे. तुझं शिकून झालं की आपल्या घराचं एक पुस्तक लिहून दे मला. ही माझी फी."

माई शिक्षिका झाल्या, मुख्याध्यापिका झाल्या, निवृत्त झाल्या. फी तशीच राहिली. अक्कांनी ती कधी मागितली नाही, हीच मोठी अडचण होती. मागणाऱ्याला निदान उद्यावर ढकलता तरी येते.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी अक्कांना तपासले आणि बाहेर येऊन माईंना सांगितले, "अक्षर मोठं असेल तर अजून काही महिने वाचतील. त्यापुढचं मी बोलत नाही."

माई त्या दिवशी घरी आल्या आणि लिहायला बसल्या. पेन, चष्मा आणि संगणक अशा तिन्ही शस्त्रांनिशी त्या लढल्या, आणि पुस्तक खरोखरच पूर्ण झाले. ते छापखान्यात गेले तेव्हा छापखानेवाल्यांनी अक्षर मोठे केले. अक्षर वाढले तशी पाने वाढली आणि पानांबरोबर जाडी. शेवटी छापखानेवाल्यांनी तेवढ्याच कोऱ्या कागदांचा एक नमुना बांधून माईंच्या हातात ठेवला. माईंनी तो अक्कांच्या हातात ठेवला. अक्कांची मनगटे संधिवाताने आधीच रुसलेली. नमुना थेट मांडीवर आदळला.

"अगं, हे पुस्तक आहे की पायरीचा दगड?" अक्का म्हणाल्या. "मी वाचायचं की याच्यावर बसायचं?"

म्हणजे अक्षर लहान करता येत नव्हते आणि पुस्तक जड ठेवता येत नव्हते. उरला एकच उपाय, मजकूर कापणे. आणि माईंच्या आयुष्यात आजवर दुसऱ्यांच्या निबंधांखेरीज काहीही कापले गेले नव्हते.

सल्ले आपल्या पायांनी चालत आले. समोरच्या घरात राहणारे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, तार करा. शब्दाला पैसे पडतात असं समजून लिहा, आपोआप आटोपशीर होतं." आणि त्यांनी सासऱ्यांच्या निवृत्तीचे संपूर्ण प्रकरण तिथल्या तिथे करून दाखवले: 'सासरे निवृत्त. घड्याळ मिळाले. कुटुंब ठीक.' माईंनी त्यांना चहा दिला, पण बिस्किटे पुढे केली नाहीत. ज्या घरात बिस्किटांचा डबा पाहुण्यांसाठी कायम उघडा असे, त्या घरात ही शिक्षा कडकच होती.

अक्कांच्या कडेवर वाढलेल्या त्या लेकीने मात्र कामाचे सांगितले. "आई, यांना विचार की. दिवसभर असलीच कामं करतात."

हे, म्हणजे जावई, संगणकाच्या एका कचेरीत मोठ्या मोठ्या मजकुरांतून हवे ते शोधून काढण्याचे काम करीत. माणूस हुशार, पण सासूसमोर वाक्य पूर्ण करण्याचे धैर्य कमी. त्यांनी पुस्तकाची दहा-बारा पाने वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आई, हे हातानं कापायला नको. तुमची सगळी विषयांतरं एकाच साच्यातली आहेत."

"मी त्याला संदर्भ म्हणते," माई म्हणाल्या.

"तेच. तुमचे सगळे संदर्भ 'यावरून आठवले'नं सुरू होतात आणि 'असो'नं संपतात. संगणकाला आपण एक नमुना द्यायचा. आधी 'यावरून आठवले', मग एक टिंब आणि एक चांदणी, मग 'असो'. टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, चांदणी म्हणजे ते कितीही वेळा. थोडक्यात, मधे काहीही असलं तरी चालेल. असा तुकडा दिसला की उचलायचा आणि काढून टाकायचा. मूळ गोष्ट तेवढी राहील."

"काहीही," माई म्हणाल्या. आपल्या सासरच्या माणसांना कोणी टिंब आणि चांदणीत बसवील असे त्यांना कधी वाटले नव्हते. पण अक्कांचे डोळे थांबणार नव्हते. "करा," त्या म्हणाल्या.

जावयांनी मूळ पुस्तकाची एक प्रत बाजूला ठेवली, हे त्यांच्या हातून झालेले त्या दिवसातले एकमेव शहाणपण, आणि कळ दाबली. पडदा क्षणभर थबकला आणि मग त्यावर संपूर्ण पुस्तक एका नजरेत मावले. ते असे होते:

'माझे सासरे अत्यंत मितभाषी होते. एवढे बोलून मी थांबते.'

माईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुस्तक तेवढेच राहिले.

"माझं लग्न कुठे आहे?"

"निघून गेलं," जावई म्हणाले.

"माझी नोकरी?"

"तीही."

"मुलं?"

"तीसुद्धा, आई."

"त्यातली एक तुमची बायको आहे," माई म्हणाल्या.

स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, "आजोबांना मात्र असंच पुस्तक आवडलं असतं."

जावयांनी घाईघाईने खुलासा केला. "याला अधाशी जुळणी म्हणतात. पहिलं 'यावरून आठवले' सापडलं की ती थेट पुस्तकाच्या शेवटापर्यंत धावत जाते, आणि मग मागं मागं येत जे 'असो' आधी भेटेल तिथे थांबते. म्हणजे तुमचं सगळ्यात शेवटचं 'असो'. मधलं सगळं तिच्या पोटात."

"मधले एवढे 'असो' तिला दिसले नाहीत?"

"दिसले. पण पुढे आणखी आहे म्हटल्यावर ती ऐकत नाही."

"आमचे धाकटे भाऊजी," माई शांतपणे म्हणाल्या. "सकाळचा पेपर त्यांच्या हातात गेला की पहिल्या पानापासून हरवले-सापडलेपर्यंत. मधलं एक पान द्या म्हटलं तर कान बंद. यावरून आठवले..."

जावयांनी खुर्ची मागे घेऊन हाताची घडी घातली. 'असो' आले तेव्हा त्यांचा चहा पार निवला होता.

मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. चांदणीच्या पुढे एक प्रश्नचिन्ह ठेवले की अधाशी जुळणी आळशी होते, असे त्यांनी सांगितले. माईंना यात नवल वाटले नाही. प्रश्न विचारला की चांगली चालणारी माणसेही आळशी होतात, हे त्यांनी शिक्षकांच्या सभांमध्ये आयुष्यभर पाहिले होते.

"आळशी जुळणी पहिलं 'असो' दिसलं की बसते," जावई म्हणाले. "एक पाऊल पुढे टाकत नाही. म्हणजे एकेक संदर्भ सुटा सुटा निघेल."

निघालाही. पुस्तक या खेपेस रोडावले, पण पुस्तकासारखे दिसले. माईंनी पहिली तीन पाने वाचली, ती निर्दोष होती. जावयांनी ते तसेच छापखान्यात धाडले, आणि माई कितीतरी दिवसांनी दुपारच्या झोपेला गेल्या.

छापखान्यातून निरोप आला तो पुस्तक तयार झाल्याचा नव्हे, तर खुद्द माईंना बोलावल्याचा. तिथल्या टेबलामागे बसणाऱ्या बाई नियमाला पक्क्या होत्या. माईंना त्या एरवी आवडल्या असत्या.

"साहेबांच्या बहिणीचं संमतिपत्र लागेल," बाई म्हणाल्या.

"कुठल्या साहेबांच्या?"

"तुमच्या सासऱ्यांच्या. व्यक्तीला इजा झाल्याचा उल्लेख असेल तर त्या व्यक्तीचं 'हरकत नाही' असं लेखी पत्र लागतं. व्यक्ती नसेल तर वारसांचं. असा नियमच आहे." आणि त्यांनी पान उघडून बोट ठेवले. माईंनी वाचले:

'सासऱ्यांच्या निरोपसमारंभाला कचेरी लोटली होती. त्यांच्या साहेबांची बहीणही आवर्जून आली होती. शेवटी चौघांनी दोरी बांधून खाली ओढली तेव्हा कुठे ती जिन्यातून सुटली. एक पाय मात्र कायमचा वाकडा झाला. असो. साहेबांनी समाधान व्यक्त केले.'

"ती खाट होती," माई म्हणाल्या.

"कोण?"

"वाकड्या पायाची. आमची लोखंडी खाट."

"इथे बहीण लिहिलंय," बाई म्हणाल्या.

दोष कोणाचा हे माईंना तिथेच उमगले. समारंभावरून त्यांना खाट आठवली होती, आणि खाट जिन्यात अडकल्यावरून जिन्याचा कठडा करणारा सुतार. सुताराचे 'असो' आधी आले होते. आळशी जुळणी तिथेच बसली, आणि खाटेचा उरलेला अर्धा भाग डोके हरवून साहेबांच्या बहिणीच्या गळ्यात पडला होता. पुढे तर पाहवत नव्हते. 'चूक कोणाचीही असो, भांडी मात्र मलाच घासावी लागत' या वाक्यात जुळणी 'कोणाचीही असो' एवढ्यावरच समाधान मानून झोपी गेली होती, आणि त्या प्रकरणाचे पुढचे पान 'भांडी मात्र मलाच घासावी लागत' या आक्रोशाने, कसलाही आगापीछा न सांगता, सुरू होत होते. 'सर्व सुखी असोत' यातले 'असो' गिळून एकटा 'त' पानाच्या मधोमध उभा ठेवला होता.

पाने घेऊन माई परत निघाल्या तर जिन्यात पोस्टमास्तर. त्यांनी वरचे पान वाचले आणि आवाज खाली आणून विचारले, "बाई, साहेबांनी समाधान व्यक्त केलं ते बहीण पडल्याचं?"

माई पाने पदराखाली झाकून वर गेल्या. त्यांच्या मुख्याध्यापकपणाच्या सबंध काळात अशी वेळ आली नव्हती. पण घरात शिरता शिरता त्यांचे पाऊल थांबले, आणि जावयांना बोलावणे गेले.

"तुमच्या जुळणीला कंस सोडवता येतात का?" माईंनी विचारले.

"म्हणजे?"

"गणितात आतला कंस आधी सोडवायचा असतो, मग बाहेरचा. हे मी मुलींना शिकवलंय, तुम्हालाही कुणीतरी शिकवलं असेल. माझ्या एका आठवणीच्या पोटात दुसरी आठवण आहे. तुम्ही बाहेरून का चावता? ज्या तुकड्याच्या पोटात दुसरं 'यावरून आठवले' नाही, असा शोधा. तो काढा. मग पुन्हा शोधा. सापडेनासा होईपर्यंत. आणि 'असो'च्या पुढे पूर्णविराम असेल तरच तो 'असो' धरा. मी पूर्णविराम विसरत नाही."

जावयांनी कागदावर एकात एक असे दोन कंस काढून पाहिले. "असं करता येतं," ते म्हणाले, आणि बायकोकडे असे पाहिले की लेक हसू दाबत आत निघून गेली.

या खेपेस सारे बिनचूक झाले. आतले संदर्भ गेले, त्यांच्याभोवतीचे गेले, आणि उरली एक स्वच्छ, सरळ, शिस्तीत उभी असलेली गोष्ट. सासऱ्यांची नेमणूक, घराला दिलेला रंग, दिरांच्या बढत्या, माईंची परीक्षा, शाळा, पुरस्कार. पुस्तक हलके झाले. अक्षर टपोरे राहिले. टेबलामागच्या बाईंना एकही नियम लावता आला नाही, आणि त्या दिवशी त्या जरा उदास दिसल्या.

माईंनी ते स्वतः नेऊन अक्कांच्या हाती दिले. या वेळी मनगटांनी ते पेलले. खिडकीशी खुर्ची ओढून अक्का वाचू लागल्या, आणि माई समोर ताठ बसल्या. निकालाच्या दिवशी पालकांसमोर बसत तशाच. लेक दाराच्या चौकटीला टेकून होती. पाने उलटत गेली. ऊन खिडकीतून जमिनीवर आणि जमिनीवरून भिंतीवर गेले.

शेवटचे पान झाल्यावर अक्कांनी पुस्तक मिटले आणि वरून हात फिरवला.

"छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "मोठी माणसं होती. कुणाचं घर गं हे?"

"आपलं, अक्का."

"असं होय," अक्का म्हणाल्या. "मग मी कुठे राहायचे?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. चष्मा कुठे ठेवला असे विचारावे, तसे त्यांनी विचारले होते.

माईंनी पुस्तक घेतले आणि चाळले. मग पुन्हा, शेवटाकडून सुरुवातीकडे. अक्का कुठेच नव्हत्या. घराचा इतिहास नेमणुकांचा, बढत्यांचा आणि समारंभांचा होता, आणि यांतले काहीच अक्कांच्या वाट्याला आले नव्हते. अक्का दर वेळी आल्या होत्या त्या कशावरून तरी आठवून. जो स्टोव्ह बाकी कोणाच्याही हाताने पेटत नसे आणि त्यांनी नुसते 'चल आता' म्हटले की फुरफुरू लागे, तो रंगकामाच्या पोटात होता. दोघींत मिळून असलेली एक छत्री, जी सकाळी माईंबरोबर जाई म्हणून अक्का वर्षानुवर्षे भिजत बाजारातून येत, ती दिरांच्या बढतीत. फडताळात अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवरून डबे सरकवून सरकवून अक्का जोडाक्षरे वाचायला शिकल्या, आणि एका महत्त्वाच्या बातमीचा शेवट डाळीच्या डब्याखाली असल्याने त्यांना कितीतरी दिवस कळला नव्हता, ते परीक्षेच्या प्रकरणात होते. आणि लेक पहिल्यांदा 'आई' म्हणाली ती नळाशी, संध्याकाळी, अक्कांच्या कडेवरून, अक्कांनाच. माई नुकत्याच प्रशिक्षणाहून येऊन दारात उभ्या होत्या, आणि अक्कांनी पोरीचे तोंड वळवून बोटाने दाखवले होते, 'ती बघ, ती.' हे सारे एकेका वाक्यावरून आठवले होते, आणि एकेका 'असो'पाशी मिटले होते.

"जावईबापूंना फोन लाव," माई लेकीला म्हणाल्या.

लेकीने फोन लावून माईंच्या हातात दिला.

"ती पहिली जुळणी," माई म्हणाल्या. "अधाशी. ती पुन्हा लावा."

पलीकडे जावई दचकले. "आई, ती सगळं खाईल."

"खाऊ दे. जेवढं तिच्या पोटात जाईल तेवढं छापा. जे उरेल ते टाकून द्या."

"उरणार ती दोनच वाक्यं आहेत. मितभाषी सासरे आणि..."

"आणि मी थांबते," माई म्हणाल्या. "दोन्ही नकोत."

"पण वजन, आई?"

"ते मी बघते."

ते पुस्तक आले तेव्हा त्याला उचलून वर आणायला पोस्टमास्तरही धावले आणि अर्ध्या जिन्यात दम खात म्हणाले, "बाई, ही तार नव्हे, पार्सल आहे." माईंनी त्यांच्यापुढे बिस्किटांचा डबा ठेवला.

त्यानंतर माई रोज दुपारी अक्कांकडे जाऊ लागल्या. अक्का खिडकीशी बसत. माई समोरच्या स्टुलावर बसून पुस्तक दोन्ही हातांनी उघडून उभे धरत, अक्कांना हवे तितके जवळ, हवे तितके तिरपे. अक्का एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचत. डाळीच्या डब्यापाशी त्या इतक्या हसल्या की माईंना पुस्तक छातीशी धरून थांबावे लागले. छत्रीचे पान त्यांनी मनात वाचले. नळाच्या पानापाशी त्यांनी बोट उचलले, आणि समोर न पाहता म्हणाल्या, "हे तुला ठाऊक होतं होय."

"मी दारातच होते," माई म्हणाल्या.

"मला वाटलं, दिसलं नसेल."

"दिसलं."

अक्कांनी बोट पुन्हा ओळीवर ठेवले आणि पुढे वाचले. एखाद्या दिवशी एकच पान होई, एखाद्या दिवशी तेही नाही. अक्षर हळूहळू धूसर होत गेले तसे माई पुस्तक आणखी जवळ धरू लागल्या. त्यांचे हात भरून येत, दंडात कळा येत. स्टुलावर उशी ठेवू का असे लेकीने दोनदा विचारले. माईंनी नको म्हणून मान हलवली आणि पुस्तक खाली ठेवले नाही.

शेवटच्या ओळीशी अक्का पोहोचल्या. 'असो,' त्यांनी वाचले, आणि त्यापुढच्या पूर्णविरामावर क्षणभर बोट टेकवून ठेवले. मग त्यांनी माईंच्या हातांतून पुस्तक हलकेच घेऊन आपल्या मांडीवर मिटून ठेवले, आणि माईंची अवघडलेली बोटे आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळू लागल्या.

"पोचली गं तुझी फी," अक्का म्हणाल्या. "सगळी पोचली."